मावशीकडे मुक्काम

“पण उत्तर चूक आहे ना, बाई? तेवढंच सांगा.”

बाई शेंगा फोडत होत्या. दोन फोडायच्या, एक तोंडात टाकायची.

तेजल बनसोडे करमाळ्याहून एसटीने बार्शीला आली होती ती या एका उत्तरासाठी. सातवीत तिला गणित शिकवलं ते या इनामदार बाईंनी. आता बाई निवृत्त झाल्या होत्या आणि तेजल स्वतः सातवीला गणित शिकवत होती. तेही पुस्तकातली उदाहरणं फळ्यावर उतरवून नव्हे. तिने वर्गाला सहल आखायला दिली होती. चाळीस मुलं, दोन दिवस, कोल्हापूर. प्रवास, मुक्काम, जेवण धरून दरडोई खर्च काढा!

पोरं अशी रंगली की मधल्या सुट्टीची घंटा कुणाला ऐकू आली नाही. अपूर्णांक म्हटलं की वही मिटणारी मुलं बसच्या भाड्यावरून हमरीतुमरीवर आली होती.

एकट्या पायल घोलपने घोटाळा केला होता.

तेजलने तिचा कागद बाईंपुढे सरकवला.

“बघा. मुक्काम, शून्य. जेवण, शून्य. का? तर कोल्हापुरात हिची मावशी राहते.”

“सगळे तिच्याकडे उतरणार?”

“चाळीसच्या चाळीस! मुली आतल्या खोलीत, मुलं गच्चीवर. तसं लिहिलंय खाली.”

“गच्ची आहे म्हणजे बरं आहे.”

“हसू नका हो, बाई. मी तिला वर्गात उभं करून सांगितलं, गणितात मावशी चालत नाही. सगळा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून ती माझ्या तासाला पेन्सिलसुद्धा उचलत नाही. एवढी हुशार पोरगी, पण अशीच बसली तर गणित कायमचं सोडेल. सोमवारी मला तिला पटवायचंय, की चूक ती चूक. कसं पटवू?”

बाईंनी आणखी एक शेंग फोडली...

“जेवलीस का?”

ही म्हातारी माणसं विचारलेल्याचं सरळ उत्तर देतील तर शपथ, असं तेजलच्या मनात आलं. “नको, घाईत आहे,” म्हणेपर्यंत पुढ्यात ताट आलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, फोडलेला कांदा. भाकरीचा पापुद्रा उचलला तशी आतून वाफ आली. तिने एक भाकरी संपवली. मग दुसरी. बाईंनी तिसरी वाढली तेव्हा नको म्हणायलाही ती विसरली.

हात धुऊन आली, तर तिचं लाल पेन बाईंच्या हातात.

“तुझ्या आजच्या फेरीचा खर्च मांड.”

“आत्ता?”

“गणिताची बाई ना तू? मांड.”

तेजलने कोरा कागद ओढला आणि चटाचट लिहिलं. एसटी, अर्धं तिकीट, जाऊन-येऊन. पेढे, पाव किलो.

“जेवण?”

“शून्य,” ती म्हणाली, आणि लिहूनही मोकळी झाली.

बाईंनी कागद आपल्याकडे घेतला. शून्याला हात लावला नाही. पेढ्यांवर लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘अनावश्यक खर्च’.

“बाई! तुमच्याकडे काय मोकळ्या हातानं...”

तेजलची नजर खाली गेली.

शेजारीच पायलचा कागद पडला होता. मुक्काम, जेवण, आणि त्याखाली गोल गोल अक्षरांत आणखी एक ओळ... ‘मावशीला खण-नारळ, दीडशे रुपये’. त्या ओळीवर लाल रेघ होती. शेजारी तेच दोन शब्द होते, तेजलच्या अक्षरात.

...

पंख्याच्या वाऱ्याने टरफलं अंगणाकडे सरकत होती. तेजलने ती उगाचच गोळा केली, उगाचच पुन्हा सोडून दिली.

“म्हणजे तिचं बरोबर?” तिचा आवाज पुन्हा चढला. “अहो चाळीस पोरं, बाई! एका खोलीत नि गच्चीवर! मावशी घर सोडून पळून जाईल.”

“बरोबर असं मी कुठे म्हणाले?”

“मग चूक?”

“तेही नाही म्हणाले.”

“बाई, मला साडेचारची गाडी आहे.”

“मग नीघ की.”

तेजल उठली, पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि परत आली. चिडायचं होतं, पण पोट भरलेलं असताना नीट चिडताही येत नव्हतं. तिला हसू आलं.

“बरं. हरले. सोमवारी वर्गात जाऊन मी बोलू तरी काय?”

बाईंनी सोललेल्या दाण्यांची एक मूठ तिच्या ओंजळीत ओतली.

“पायलला फळ्यापाशी बोलव. खडू तिच्याच हातात दे. आणि विचार... मावशीकडे नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, आणि तेवढ्यात चाळीस आंघोळी कशा उरकायच्या?”