सदू घागचं बोट

"मग ते वाक्य गेलं कुठं, अण्णा?"

मिहीर सुर्वेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. अण्णा खानविलकर गुहागरच्या आपल्या अंगणात आमसुलं वाळत घालत होते. त्यांनी एक साल उलटी केली, मग दुसरी.

"कुठलं वाक्य?"

"सदू घागच्या चढाईचं."

"हां... ते."

आणि पुन्हा आमसुलं.

गोष्ट छत्तीस वर्षांपूर्वीची. टीव्हीवर कबड्डीचा राष्ट्रीय अंतिम सामना चालला होता आणि समालोचनाला अण्णा होते. महाराष्ट्र दोन गुणांनी मागे, शेवटची चढाई, आणि सदू घागला तिघांनी जमिनीवर दाबून धरलेला. तशात त्या पठ्ठ्यानं दम न सोडता अंग ताणलं आणि मध्यरेषेला बोट लावलं. तिघंही बाद झाले, सामना एका गुणानं खिशात आला. त्या क्षणी अण्णा जे बोलले ते अजून कुणी विसरलेलं नाही.

निदान सगळे तसं सांगतात.

मिहीरचे वडील सांगायचे, "एका बोटावर महाराष्ट्र उभा आहे!" मिहीर गणितात नापास झाला तेव्हा त्यांनी हेच वाक्य ऐकवलं, आणि शेवटच्या आजारपणात स्वतः उठून बसताना स्वतःलाही. या एका वाक्यापायी मिहीर समालोचक झाला. अण्णांकडे वर्षभर येऊन उच्चार शिकला, श्वास शिकला, आणि वाहिनीवर नाव झाल्यावर यायचा थांबला. मुलाखतींत मात्र तो स्वतःला अण्णांचा शिष्य म्हणवून घेत असे. गुरूचं नाव सांगायला प्रवास करावा लागत नाही.

आज तो आला होता, कारण उद्या पुण्यात अंतिम सामना होता आणि वाहिनीच्या साहेबांनी त्याला सुनावलं होतं, "बोलतोस छान, पण सामना संपला की तुझं एक अक्षर कुणाच्या लक्षात राहत नाही. या अंतिम सामन्यात बघू, नाहीतर पुढच्या हंगामाला दुसरा माणूस घेऊ."

मिहीरला ते झोंबलं होतं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं होतं.

तेव्हा त्यानं ठरवलं, मूळ वाक्य नीट अभ्यासायचं. वाहिनीच्या जुन्या साठ्यातून त्यानं ती चित्रफीत शोधून काढली, फोनवर घेतली, आणि ऐकून त्याचं डोकंच चक्रावलं. वाटेत त्यानं रिक्षावाल्याला विचारलं. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "'मेलास तरी रेषा सोडू नको, सदू!' असं बोलले अण्णा. मी या कानांनी ऐकलंय." जेवायला थांबला तिथल्या खानावळवाल्या मावशी म्हणाल्या, छे, ते तर फक्त आईला हाक मारल्यासारखं "आई गं" म्हणाले होते, आणि आमची आळी रडली होती.

"आणि यात?" मिहीरनं फोन पुढे धरला. "यात काहीच नाही."

त्यानं चित्रफीत लावली. अण्णांनी मान वर केली नाही. त्यांचा चष्मा आत फडताळात होता. ते नुसते ऐकत राहिले.

फोनमधून तरुणपणीचे अण्णा म्हणाले, "सदू घाग. शेवटची चढाई."

मग गर्दीचा आवाज. सदूचा घुमता दम. मग आरडाओरडा... आणि कुठंतरी, माइकच्या अगदी जवळ, कुणाचातरी श्वास.

मग शिट्टी. मग अण्णा. "एकोणतीस, अठ्ठावीस."

बस्स, एवढंच.

अण्णांचे जांभळे झालेले हात थांबले होते.

"मी काहीच बोललो नाही?"

"नाही."

"अरेच्चा..."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मी कशाला ऐकायला जातोय माझंच? लोक म्हणाले, काय बोललात अण्णा! मी म्हटलं, बोललो असेन."

मिहीरला काही सुधरेना. रिक्षावाला खोटं बोलला हे एक वेळ मान्य. मावशी खोटं बोलल्या हेही चालेल. पण बाबा? बाबा काय आयुष्यभर न बोललेलं वाक्य उराशी धरून बसले होते? त्याला बाबांचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली.

पण मिहीर हुशार होता, आणि हुशार माणूस गोंधळात फार वेळ राहत नाही. तो लगेच काहीतरी निष्कर्ष काढतो.

"कळलं," तो म्हणाला. "गप्प बसायचं. तीच तर खुबी आहे. मी मोजलंय अण्णा, एकोणीस सेकंद." आणि त्यानं फोनवर लिहूनही घेतलं.

अण्णा मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी त्याला आवाज बंद करून तीच चढाई पुन्हा लावायला सांगितली.

"आता तू बोल."

मिहीर सावरून बसला. पडद्यावर सदू निघाला तसा मिहीरचा आवाजही निघाला, आणि आवाज खरंच गोड होता, हे कबूल केलं पाहिजे. पकड झाली तशी त्यानं पट्टी वर नेली, आणि ऐन क्षणी, न अडखळता, मनातलं ठेवणीतलं वाक्य टाकलं.

"ही रेषा नाही, हा इतिहास आहे, आणि सदू घागचा हात इतिहासाला लागला आहे!"



"छान बोललास," अण्णा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "कुठला हात?"

"काय?"

"हात लागला म्हणालास. उजवा की डावा?"

चित्रफीत मिहीरनं किमान चाळीस वेळा लावली होती, आता एकेचाळिसावी. त्याला सेकंद पाठ होते, शिट्टी पाठ होती. हात...

त्याचा अंगठा फोनकडे सरकला. अण्णांनी आपला ओला, जांभळा पंजा सरळ त्या पडद्यावर ठेवला.

"डावा," ते म्हणाले. "मधलं बोट. नख तुटलेलं. उजव्या हातावर तर एकजण गुडघा रोवून बसला होता. आणि बोट लागायच्या आधी सदूनं एकदा पंचांकडे बघितलं, की हा बघतोय ना."

त्यांनी पंजा उचलला. मिहीरनं पडदा सदऱ्याला पुसला आणि चित्रफीत लावली. डावा हात. मधलं बोट. उजव्यावर गुडघा. आणि खरंच, सदूची मान पंचांकडे वळली होती. तुटलेलं नख एवढ्या जुन्या चित्रात दिसणं शक्यच नव्हतं.

छत्तीस वर्षांत अण्णांनी हे एकदाही पुन्हा पाहिलेलं नव्हतं.

मिहीरनं फोन खिशात टाकला. आलो होतो वाक्य न्यायला, आणि मनात होती तीही वाक्यं आता हाताला लागेनात. गप्प बसावं तर ती नक्कल, बोलावं तर काय बोलावं? उद्या या वेळेला तोंडाशी माइक असणार, समोर सामना असणार आणि डोकं असं रिकामं. त्याला भीती वाटली. इतकी की शेवटी त्यानं सगळा मोठेपणा बाजूला ठेवला आणि पहिल्या दिवशी आला होता तसं विचारलं.

"अण्णा, उद्या मी काय बोलू?"

अण्णा पुन्हा आमसुलांकडे वळले होते.

"ते मला कशाला विचारतोस? परवा लोकांना विचार."