आधाराची दांडी

"पण बारा व्होल्टचा सेट घेऊ की अठराचा?"

मृण्मयी पाध्येने तिसऱ्यांदा विचारलं.

वैजनाथ मेस्त्री पटाशीला धार लावत होते. राजापुरात पन्नास वर्षं सुतारकाम केलेला माणूस. कुणी शिकायला आलं की शिकवायचे. कुणी आपलंच ज्ञान सांगायला लागलं की धार लावत बसायचे.

मृण्मयी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर अशा सात जोड्यांची तुलना तिने मोबाइलवर करून ठेवली होती.

"अठराच्या ड्रायव्हरचा जोर जवळजवळ दीडपट आहे, काका."

"करायचंय काय?"

"बाथरूममध्ये आधाराची दांडी बसवायचीय. आप्पा तिथेच पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. आज चार वाजता घरी येतायत."

मेस्त्रींचा हात थांबला.

"भिंत कसली?"

"भिंत... टाइल्स आहेत."

"टाइल्सच्या मागे?"

तिने मोबाइल खाली ठेवला.

मेस्त्रींनी स्वतःचा इम्पॅक्ट ड्रायव्हर तिच्या हातात दिला. समोर एक फळी ठेवली.

"स्क्रू मार."

तिने बटण दाबलं. मशीन कडकडलं. स्क्रूचं डोकं लाकडात रुतलं आणि फळी उभी चिरली.

"याला क्लच नसतो," ती घाईने म्हणाली. "ड्रिलला असतो, तो ठरावीक जोराला आपोआप सुटतो. याला थांबवावं लागतं."

"कुणी?"

तिचा चेहरा लाल झाला. "मला माहीत आहे, काका. मी हेच शिकवते."

"हं..."

त्यांनी आपलं ड्रिल आणि ड्रायव्हर, दोन्ही मशीनं पिशवीत घालून तिला दिली.

"घेऊन जा. दांडी बसव. तीनला येतो."

ते आले तेव्हा दांडी भिंतीवर चकाकत होती.

"मागे जांभ्याचा चिरा निघाला," मृण्मयी म्हणाली. "टाइलला भोक पाडताना ड्रिलचा ठोके मारणारा हॅमर बंद ठेवला, चिरा लागल्यावर चालू केला. दांडी लेव्हलमध्ये आहे. बघा."

मेस्त्रींनी दांडीला बोटही लावलं नाही.

"लटक."

"काय?"

"दांडी धर आणि पाय उचल. आप्पा घसरले तर सगळा भार हिच्यावरच येणार ना?"

तिने दांडी धरली. पाय उचलले नाहीत.

"फरशी ओली आहे..."

मेस्त्रींनी खुंटीवरचा पंचा घेतला आणि वाकून फरशी कोरडी केली.

फोन वाजला. भावाचा. गाडी फाट्यावर पोचली होती.

"काका, अर्ध्या तासात येतील ते!"

"लटक."

मृण्मयीने दांडी सोडली.

"डाव्या टोकाचा एक स्क्रू... फिरतच राहतोय," ती हळूच म्हणाली. "ड्रायव्हरने जास्तच आवळला मी. भोक ढिलं झालं. बाकीचे पाच घट्ट आहेत, म्हणून चकतीवर टोपी लावून टाकली."

"कुणाला दिसलं असतं?"

"कुणालाच नाही."

मेस्त्री पालथ्या बादलीवर बसले.

तिने टोपी काढली. डाव्या टोकाचे तिन्ही स्क्रू काढले. चकती थोडी फिरवून शाबूत चिऱ्यात नवी भोकं पाडली. भोकांत प्लास्टिकचे नवे प्लग ठोकले. ड्रायव्हर उचलला... आणि परत ठेवला. स्क्रू साध्या पेचकसाने पिळले. शेवटच्या वेढ्यांना दंड थरथरायला लागले.

अंगणात गाडीचा हॉर्न वाजला.

तिने दांडी धरली, डोळे मिटले आणि दोन्ही पाय उचलले.

दांडी हलली नाही. भिंत गप्प राहिली.

थोड्या वेळाने आप्पा वॉकर सरकवत आत आले. दांडी धरून भार टाकला. मृण्मयी त्यांच्या पाठीशी दोन्ही हात पसरून उभी होती, न शिवता.

"छान घट्ट आहे गो," आप्पा म्हणाले.

ओसरीवर मेस्त्री चपला घालत होते. तिने पिशवी त्यांच्या हातात दिली. जरा घुटमळली.

"काका, मग मी घेऊ कुठला?"

"घराला बाराचा पुरतो," मेस्त्री म्हणाले. "भीती मात्र आजच्याएवढीच ठेव."