कोपऱ्यातलं चिन्ह

“म्हणजे मला काहीच ठरवायचं नाही?” इराप्पाबाबांनी विचारलं.

विचारलं म्हणजे टाइप केलं. घशाच्या ऑपरेशनात बाबांचा आवाज गेला आणि मठात लॅपटॉप आला. पूर्वाश्रमी बाबा कोर्टात टायपिस्ट होते. पडद्याकडे ढुंकूनही न बघता, समोरच्याचा चेहरा बघत टाइप करायचे. ज्याला वाचता येत नसे, त्याला सोबतचं माणूस वाचून दाखवी.

“काहीच नाही, बाबा!” वैजनाथ म्हणाला. “तुम्ही फक्त बोटं चालवायची. मराठी लिहिताय, कन्नड की इंग्रजी, हे माझा प्रोग्राम ओळखतो आणि कीबोर्ड आपोआप पालटतो. भलत्याच लिपीत काही उमटलं, तर एक बटण दाबलं की सगळं सरळ. एवढासा आहे, पण चुकायचा नाही.”

मठ सीमेवरचा. निम्मे लोक मराठी, निम्मे कन्नड. बाबा कीबोर्ड पालटायला विसरायचे आणि पडद्यावर नुसता कचरा उमटायचा. म्हणून पुण्याच्या या हुशार प्रोग्रामरने हा खटाटोप केला होता. कित्येक वर्षं तो अनुग्रह मागत होता आणि बाबा दर वेळी ‘बघू’ म्हणत होते. आज ही गुरुदक्षिणा पायाशी ठेवायची आणि अनुग्रह घेऊनच उठायचं, असं त्याने ठरवलं होतं. आधी दक्षिणा, मग अनुग्रह! स्वारीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

“आज नाही म्हणू नका, बाबा.”

बाबा नुसते हसले...

तेवढ्यात दारातून गौरव्वा आपल्या सासूला धरून आत आली.

“बाबा, यांना काहीतरी सांगा,” ती म्हणाली. “मालक गेले तेव्हापासून आत्या रडल्याच नाहीत. अन्नाला शिवत नाहीत. अशानं ह्यापण जातील हो!”

सासू, बसव्वा, समोर बसली. पोटचा पोरगा गेलेली बाई, पण डोळे कोरडे ठक्क. तिला फक्त कन्नड कळायचं, तेही वाचता येत नसे. वैजनाथ सरसावून बसला. प्रोग्रामची परीक्षाच होती ना!

बाबांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. बोटं चालू लागली.

कोपऱ्यातलं चिन्ह कन्नड झालं. मग मराठी. मग इंग्रजी. पुन्हा कन्नड... कुठे टेकेचना. पडद्यावर तिन्ही लिपींची नुसती खिचडी.

गौरव्वाने वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“बाबा, थांबा! सगळं चुकतंय!” वैजनाथ ओरडला.

बाबा थांबले नाहीत. बसव्वाच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर हलली नाही. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते दाढीत उतरत होतं, आणि बोटं चालतच होती...

बसव्वाचा ओठ थरथरला.

मग तिने असा हंबरडा फोडला की अंगणातली माणसं धावत आली. ती बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, पोटभर रडली. हुंदके ओसरल्यावर गौरव्वाने दुधाचा पेला पुढे केला. बसव्वाने तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळा प्यायली.

सासू-सून गेल्या. वैजनाथ जागचा हलला नव्हता.

त्याने हळूच लॅपटॉप ओढला. बटण दाबून तो मजकूर कन्नडमध्ये पालटून बघितला. कचराच. मराठीत पालटला. कचराच. इंग्रजीत... एकाही शब्दाला अर्थ नव्हता. प्रोग्राम कुठेच चुकला नव्हता.

त्याने हात जोडले. अनुग्रहाचं नावही त्याच्या तोंडी आलं नाही.

“बाबा,” त्याने विचारलं, “हे तुम्ही कोणत्या भाषेत लिहिलंत?”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. बोटं कीबोर्डवर टेकली. कोपऱ्यातलं चिन्ह झटकन मराठी झालं आणि तिथेच थांबलं.

“ती रडली कोणत्या भाषेत?”