अल्लीच्या दारचा खारा पाहुणा

डोळे जड झालेत ना? पडल्या पडल्या ऐका. फार फार मागं, तिकडे दक्षिणेला तमिळ मुलखात अल्ली नावाची एक मुलगी होती. समुद्राकाठच्या मिठागरावर वाढलेली. तिला दिली मात्र डोंगरात. डोंगरातली माणसं राळा खायची, मध खायची, कंद भाजून खायची. माणसं मायाळू होती. पण अल्लीच्या जिभेवर माहेरची खारी मासळी असायची. पण हे ती कुणाला बोलून दाखवायची नाही.

त्या काळी एक रीत होती, बरं का. सांजेला दार लावायच्या आधी घरची बाई उंबऱ्यावर उभी राहून विचारायची, "कुणी जेवायचं राहिलंय का?" माझी आजीसुद्धा अंगणात डोकावल्याशिवाय कडी घालत नसे. आता कोण विचारतं?

मग एका वर्षी पाऊसच आला नाही. मिठाच्या बैलगाड्या डोंगरापर्यंत येईनात. मीठ संपलं. राळाही संपत आला. तरी अल्ली रोज विचारायची.

एका सांजेला वीणा वाजवणारा एक गाणारा आला, बायकोपोरांसकट, उपाशी. अल्लीनं त्यांना राळ्याचा भात आणि दही वाढलं. दुसऱ्या सांजेला वाट चुकलेली एक म्हातारी आली. तिला उरलीसुरली पेज दिली. मग घरात राहिलं फक्त बियाणं, सुक्या भोपळ्यात भरून आढ्याला टांगलेलं.

तिसऱ्या सांजेला सासू म्हणाली, आज विचारू नकोस, नुसतं दार लाव. अल्लीनं कडीला हात घातला. पण मन होईना. तिनं हळूच विचारलं.

बाहेरून आवाज आला, "मी राहिलोय, बाई."

दारात एक म्हातारा उभा. एवढ्या दुष्काळात त्याचे पाय ओले होते.

अल्लीनं सासूकडे पाहिलं. सासूनं वर आढ्याकडे बघितलं. मग उठली, तिनंच भोपळा खाली काढला. म्हणाली, "दारचा माणूस उपाशी गेला, तर पेरून तरी काय करायचं?"

मग दोघींनी मिळून बियाणं कांडलं. अल्लीचा नवरा सेंदन, त्यानं पान मांडलं. राळा अळणीच होता. तरी म्हातारा पान पुसून जेवला.

निघताना त्यानं अल्लीला विचारलं, "माहेरची आठवण येते का गं?"

तिनं नुसती मान डोलावली.

"मलाही तुझी येते," म्हातारा म्हणाला, आणि उतारानं निघून गेला.

सकाळी पाहतात तो काय, अंगणापासून खडकापर्यंत ओली पावलं. आणि खडकातून झुळझुळ झरा. अल्लीनं बोट बुडवून चाटलं. खारट! मग तिला कळलं. तिचा समुद्रच जेवून गेला होता. ती तिथंच बसून पोटभर रडली. सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग झऱ्याकाठी मीठ सुकायला लागलं. डोंगरातली माणसं ते घेऊन खालच्या तळ्याकाठच्या गावांत जायची आणि मिठाच्या बदल्यात भात आणायची, बियाणं आणायची. सासूनं पहिल्यांदा मीठ घालून कंद शिजवले, तेव्हा पहिला घास अल्लीला दिला.

पुढं पाऊस पडला, राळा डोलला, सगळी पोटभर जेवली, सुखानं नांदली. निजा आता, बाळांनो. पांघरूण घ्या नीट.