शांत यंत्र आणि जागं बाळ

“मग सर, झोपायला आणखी लागतं तरी काय?” डॉ. ऋजुता म्हणाली. “उजेड मंद केलाय. बाळाचं पोट भरलंय. आणि यंत्राचा तर आवाजच नाही!”

साळवे सर काचेतून आत बघत होते.

काचेपलीकडे, एमआरआयच्या यंत्राशेजारी, सुरेखा दिवटे बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. डोळे टक्क उघडे.

सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ ते. अशा बाळांचा मेंदू कसा वाढतो, याचा अभ्यास चालला होता. झोपेचं औषध द्यायचं नाही, हे सुरेखानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि चार महिन्यांवरचं बाळ या अभ्यासात चालत नव्हतं.

परवा चार महिने भरत होते.

दोनदा येऊन दोन्ही वेळा बाळ जागंच राहिलं. आजची तिसरी खेप. शेवटची.

एरवी एमआरआय म्हणजे पत्र्यावर हातोडे. ऋजुतानं दोन वर्षं खपून तो आवाज जवळजवळ घालवणारी पद्धत बसवली होती. परदेशातून कौतुकाची पत्रं आली होती. घरी स्वतःच्या लेकीला निजवायला तिला दीड तास लागायचा, पण ते काही शोधनिबंधात लिहायचं नसतं.

साळवे सर निवृत्त तंत्रज्ञ. या यंत्राची बाराखडी तिनं त्यांच्याच हाताखाली गिरवलेली. आज तिनंच त्यांना बोलावून घेतलं होतं.

“एवढं शांत यंत्र आपल्या भागात दुसरं नाही, सर.”

“खरंय.”

“मग?”

“मग... आईला विचारलंस?”

“विचारलं की! सव्वीस प्रश्नांचा अर्ज भरून घेतलाय.”

सरांनी खिशातली किल्ली आणि घड्याळ टेबलावर काढून ठेवलं आणि ते आत गेले. ऋजुता मागोमाग.

“काय सुरेखाताई, घरी कुठं निजतंय हे पिल्लू?”

“इचलकरंजीत आमचं खाली कापडाचं माग, वर घर. चोवीस माग हाईत, सर. त्येंच्या तालात झोपतंय बघा गुमान. लाइट गेली, माग थांबलं, की हे जागं! टकामका बघत बसतंय.” ती ओशाळली. “हितं लईच शांत हाय... मलाच भ्या वाटाय लागलंय.”

ऋजुताच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सव्वीस प्रश्न. त्यात हा नव्हता.

सरांनी लाकडी स्टुलावर बोटं टेकवली.

खटाक्-फट्. खटाक्-फट्. खटाक्-फट्...

बाळाची नजर थबकली. पापण्या जड झाल्या.

सर थांबले.

पापण्या उघडल्या.

सरांनी ऋजुताकडे पाहिलं.

“जुनी पद्धत लावू?” ती म्हणाली. “ती आवाजाची?”

“कान नीट झाकून.”

ऋजुतानं स्वतःच्या हातांनी बाळाच्या कानांत मऊ बोळे बसवले, वर जाड टोपी चढवली. दोनदा तपासली. सुरेखालाही कानांत घालायला बोळे दिले आणि बाळाला यंत्रात निजवलं. मग बाहेर येऊन यंत्र सुरू केलं.

धडधड सुरू झाली. एवढ्या झाकणांतून बाळापर्यंत पोचली असेल ती खालच्या मजल्यावरच्या मागांइतकीच.

आत सुरेखानं भिंतीला पाठ टेकली. कितीतरी वेळानं तिचे खांदे सैल झाले.

बाळ झोपलं.

विसाव्या मिनिटाला पडद्यावर चित्रं उमटली. कुठं एक रेघ हललेली नव्हती.

“दिसलं का समदं?” सुरेखानं बाहेर येऊन विचारलं. बाळ खांद्यावर, अजून गाढ.

“दिसलं. अगदी स्वच्छ. मोठे डॉक्टर बघून सांगतीलच... पण मला तरी काळजीचं काही दिसत नाही.”

सुरेखानं पदरानं डोळे पुसले. “मग रडाय काय झालं मला,” म्हणत स्वतःच हसली.

ऋजुतानं वही उघडली. पेन तसंच हातात राहिलं.

“सर, आता काय लिहू?”

“लिही, बाळ झोपलं.”

“पण कशानं झोपलं? आवाजानं... की आईचा जीव भांड्यात पडला म्हणून?”

सर दारापाशी थांबले. सुरेखाच्या खांद्यावरच्या त्या इवल्याशा पाठीकडे त्यांनी बोट केलं.

“त्यालाच विचार... पण उठवू नकोस.”