हिरव्या कुरणातले बोकड

एकदा एक भुसार व्यापारी, दुकानाचा भार मुलांवर सोपवून, बोकडपालनाच्या नादी लागला. माळावर त्याने चार एकर कुरण पिकवले, रोज संध्याकाळी फवाऱ्यांनी भिजवले आणि त्यात साठ बोकड सोडले. आला-गेला पाहुणा ते कुरण पाहून थक्क होई. बोकड मात्र अंग धरीनात. पोटे नगाऱ्यासारखी आणि पाठीचा एकेक मणका वर आलेला. गुरांच्या डॉक्टरांनी लेंड्या तपासून जंत सांगितले. औषध पाजले की आठ दिवस बरे, मग पुन्हा तेच. चौथ्या खेपेला सहा बोकड दगावले, तेव्हा व्यापारी मेटाकुटीला आला. औषध खोटे, डॉक्टर कच्चा, बोकडांची जातच करंटी, असे ज्याला त्याला ऐकवू लागला.

शेवटी त्याने एका वृद्ध धनगराला गाठले आणि आता तुम्हीच शिकवा म्हणून घरी आणले. म्हाताऱ्याने एका बोकडाची पापणी उलटून पाहिली, आत पांढरीफटक; जंतांनी रक्त शोषलेले. डॉक्टरांचे औषध चालू ठेवा, एवढेच तो म्हणाला. मग त्याने पाण्याची मोटार बंद केली, कुरणाच्या फाटकात बाभळीचे काटे रचले आणि उन्हे चढल्यावर सगळे बोकड समोरच्या खडकाळ टेकाडावर हाकले.

पंधरवड्यात कुरण पिवळे पडले. व्यापाऱ्याचा धीर सुटला.

"बाबा, बोकड बरे करायला आणलं तुम्हांला. कुरण मारायला नव्हे."

"शेठ, तुम्ही औषध पाजता बोकडांना आणि पाणी पाजता जंतांना," म्हातारा म्हणाला. "लेंडीतनं अंडी गवतात पडतात. ओल मिळाली की पिल्लं निघतात, पात्यावर चढतात, सकाळी पुन्हा पोटात. शेळी म्हणजे मान वर करून झुडूप ओरबाडणारी जात. तिची तुम्ही गाय केलीत. डॉक्टर बोलले नाहीत का हे?"

बोलले होते. कुरण कोरडे ठेवा, असे डॉक्टरांनी दर खेपेला बजावले होते. पण पंचक्रोशीत तसे हिरवेगार कुरण दुसरे नव्हते, म्हणून व्यापाऱ्याने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले होते.

टेकाडावर एक बोकड मागच्या पायांवर उभा राहून बोरीचा शेंडा ओढत होता. पंधरा दिवसांपूर्वी त्यालाच उठवायला दोन माणसे लागत. व्यापाऱ्याने धोतर खोचले आणि फवाऱ्यांचे पाइप स्वतःच्या हाताने सुटे करायला घेतले.

औषध बदलणे सोपे असते. ज्याचा अभिमान, त्याला हात लावणे जड जाते.