नको म्हटलेलं पुस्तक

"...पण मग नको म्हणायचं, ते कशाच्या आधारावर म्हणायचं, भंतेजी?"

उत्पलानं विचारलं आणि हातातलं पुस्तक जरा जोरातच खाली ठेवलं.

भंते उपसेन खिडकीपाशी बसून चीवराची उसवलेली कड शिवत होते. त्यांनी सुईत दोरा ओवला. टोकाला गाठ मारली. 

विहाराच्या फरशीवर पुस्तकांचे दोन ढीग होते. एक ठेवायचा, एक परत पाठवायचा. नागपूरच्या कुणा निवृत्त प्राध्यापकांनी आपला संग्रह गावच्या ग्रंथालयाला दिला होता, शिवाय इकडूनतिकडून आलेली पुस्तकं होती, आणि हे ग्रंथालय म्हणजे विहारातलं कपाट, तेही एकच. काय ठेवायचं, काय नाही, हे ठरवायचं काम उत्पलाकडे होतं. तिनं ते मागूनच घेतलं होतं.

उत्पला गजभिये तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवायची. मोहबोडीची मुलगी. म्हणजे जन्मली जुन्या मोहबोडीत, वैनगंगेच्या काठावर. पुढं नदीवर धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, आणि माणसं या माळावर आली. इथं रस्ते सरळ, घरं एकसारखी, आणि नदी कुठंच दिसत नाही.

भंतेजी या गावात आले ते त्यानंतर. विहाराच्या एका खोलीत त्यांनी पुस्तकांचं कपाट ठेवलं आणि खोलीचं दार कुणालाही उघडं ठेवलं. मग दर पौर्णिमेला दुपारी ओसरीवर वाचन सुरू केलं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि वाटलं तर बोलायचं.

ऐकायला यायच्या त्या बहुतेक बिड्या वळणाऱ्या बाया. येताना आपलं सूप घेऊन यायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. कान पुस्तकाकडे आणि हात सुपात. हात थांबवणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि भंतेजींनीही कधी थांबवायला सांगितलं नाही.

वर्षभर या वाचनाची पुस्तकं उत्पलाच निवडत होती. निवड अगदी चोख असायची. नावाजलेल्या कादंबऱ्या, दुसऱ्या भाषांतून आलेली मोठमोठी पुस्तकं. वाचण्याआधी ती लेखकाबद्दल सांगायची, पुस्तक मोठं का आहे ते समजावून द्यायची. वाचायचीही सुरेख. वाचून झालं की विचारायची, कसं वाटलं?

"चांगलं हाय," बाया म्हणायच्या.

प्रत्येक पुस्तकाला चांगलं हाय. त्यापुढं एक शब्द नाही.

त्या बायांमध्ये खांबाला टेकून उत्पलाची आई बसायची, पारबताबाई. वाचता वाचता उत्पलाची नजर तिच्या बोटांकडे जायची. जे उतारे वर्गात शिकवताना उत्पलाचा स्वतःचा गळा भरून यायचा, तिथंही आईची बोटं चालतच असायची. पान, तंबाखू, वळण, दोरा. पान, तंबाखू, वळण, दोरा...

शेवटी एकदा तिनं घरी विचारलं होतं, माय, तुला नेमकं काय आवडतं? पारबताबाईनं सरळपणानं सांगून टाकलं होतं, की पुस्तकातलं काही तिला फारसं कळत नाही, ती येते ती लेकीचा आवाज ऐकायला.

दुसरी कुणी या बोलण्यानं सुखावली असती. उत्पलाला ते काट्यासारखं रुतून बसलं.

म्हणून आज ती आल्याआल्याच भंतेजींपाशी मन मोकळं करायला लागली. म्हणाली, लोकांची आवड घडवावी लागते, ती आपोआप घडत नाही. चांगलं तेच समोर ठेवलं, हलकं बाजूला काढलं, तर आज ना उद्या कळेल त्यांना. पण वर्ष झालं, काही हलत नाही. मग चूक कुणाची? पुस्तकाची तर नाही. वाचून दाखवणाऱ्याचीही नाही... आणि पुढचं तिनं बोलून दाखवलं नाही. भंतेजींना ते ऐकू आलं असावं.

तिला नियम हवा होता. कोणतं पुस्तक ठेवावं, कोणतं काढावं, माणसांपुढं काय वाचावं, याचा एक पक्का नियम. भंतेजी आयुष्यभर वाचत आलेले, त्यांच्यापाशी तो असणारच, याची तिला खात्री होती.

भंतेजींनी शेवटचा टाका घातला. दोरा दातानं तोडला. सुई कापडाला टोचून ठेवली आणि उठून ते ढिगांपाशी आले.

ठेवायच्या ढिगाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते परत पाठवायच्या ढिगापाशी बसले आणि एकेका पुस्तकावरून हात फिरवत गेले. त्यातली सगळी पुस्तकं सुलट ठेवलेली होती. एकच पालथं होतं. पातळसं, विटक्या पिवळ्या कव्हराचं.

ते त्यांनी उचललं.

"हे?"

उत्पलानं लगेच कारण दिलं. जुन्या मोहबोडीच्या शाळेत मास्तर होते, आता हयात नाहीत, त्यांनी गावाबद्दल लिहिलंय आणि स्वतःच छापून घेतलंय. भावना चांगली आहे. पण लेखन फार भाबडं, पानोपानी अशुद्ध, बांधणी म्हणून काही नाही. उद्या गावोगावचे मास्तर असं लिहायला लागले तर...

"कितव्या पानापर्यंत वाचलं?"



"चाळलं," ती म्हणाली.

"उपासिके, वाचलं नाही... की तुमच्यानं वाचवलं नाही?"

बाहेर कुणीतरी हातपंप मारत होतं. उत्पला तिकडे बघायला लागली.

भंतेजींनी पुस्तक तिच्या हातात दिलं.

"येत्या पौर्णिमेला हे वाचा."

पुस्तक तिनं पर्समध्ये टाकलं आणि पौर्णिमेपर्यंत बाहेर काढलं नाही. तब्येतीचं निमित्त सांगावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण भंतेजींनी आजवर तिला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदाच सांगितलेलं मोडणं तिच्यानं होईना.

माघाची पौर्णिमा. ओसरीवर दुपारचं ऊन उतरलं होतं. बाया सुपं घेऊन बसल्या. भंतेजी नेहमीसारखे भिंतीशी डोळे मिटून. पारबताबाई खांबापाशी.

या वेळी उत्पलानं आधी काही सांगितलं नाही. लेखक कोण, पुस्तक कसं, काही नाही. पान उघडलं आणि वाचायला लागली.

मास्तरांनी गाव गल्लीगल्लीनं लिहिलं होतं. नदीवरून वर येताना आधी मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, मग चिंचेचं झाड, मग शाळा. शाळेचा पत्रा वाऱ्यानं कसा वाजायचा तेही लिहिलं होतं. बायांमध्ये थोडी चुळबुळ झाली. कुणी गालात हसली. कुणी शेजारणीला कोपरानं ढोसलं. हात मात्र चालूच होते.

मग गाव सोडायच्या दिवसाचं प्रकरण आलं. उत्पलाला ते पान ठाऊक होतं. चाळताना नेमकं तेच उघडलं होतं आणि तिनं पुस्तक मिटून पालथं ठेवलं होतं.

ती वाचत राहिली.

"सर्वांची सामाने गाड्यांत चढली होती. मी गावात शेवटचा फेरा मारावयास निघालो. एका घराची कवाडे, चौकटी, छपराचे कवेलू, सारे काढून झाले होते. केवळ भिंती उरल्या होत्या. त्या घरची बाई अंगण सारवीत होती. मी म्हणालो, बाई, इथे आता पाणी येणार आहे. तिने मान वर केली नाही. तिची लहान मुलगी रडत रडत तिचा पदर ओढीत होती, माय चल, गाडी चालली..."

आणि उत्पलाचा आवाज थांबला.

 तिनं पुन्हा तीच ओळ धरली. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. कॉलेजात भरल्या सभागृहापुढं न अडखळणारी उत्पला त्या भाबड्या, अशुद्ध ओळीपाशी येऊन उभी राहिली होती आणि तिला पलीकडे जाता येत नव्हतं.

ओसरी अगदी शांत झाली...

इतकी शांत, की काहीतरी कमी झालंय हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. पानांची सळसळ नव्हती. तिनं मान वर केली.

सगळ्यांचे हात थांबले होते.

पारबताबाईच्या चिमटीत अर्धवट वळलेली बिडी होती. तिचं पान हळूहळू उलगडत होतं आणि तंबाखू सुपात सांडत होता. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती समोरच्या रिकाम्या माळाकडे पाहत होती.

"रांगोळी बी टाकली होती मी," ती म्हणाली. "मास्तरानं ते नाई लिवलं."



मग पलीकडच्या रेवताबाईनं, कुणाकडेही न पाहता, सांगितलं की तिच्या छपरावर भोपळ्याचा वेल होता आणि वेलाला एक भोपळा लागलेला होता. सगळ्यांनी म्हटलं तोडून घे.

"कोवळा होता," ती म्हणाली. "नाई तोडवला."

तिच्यानंतर दुसरी बोलली, मग तिसरी. एकीनं विहिरीतून भरलेली घागर काढून काठावर ठेवली होती आणि तशीच निघून आली होती. कुणासाठी ठेवली, ते तिला अजून सांगता येत नव्हतं. एकजण गाडीतून उतरून परत गेली होती, दार लोटून यायला. दार तर सकाळीच उचकटून गाडीत चढवलेलं होतं. ती तिथं उभी राहिली, जिथं दार असायचं तिथं हात नेला, हवेतच लोटल्यासारखा केला आणि परत आली. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

उत्पला ऐकत होती.  याच बायांच्या मांडीवर ती लहानाची मोठी झाली होती. यांना काही कळत नाही, असं धरून तिनं वर्षभर यांच्यासाठी जगभरातून पुस्तकं निवडून आणली होती. आणि आता एकेक बाई सांगत होती ते तिनं शिकवलेल्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. जणू ते पाण्याखालचं गाव तळातून वर येत होतं, एकेक अंगण, एकेक विहीर, ओसरीसमोरच्या त्या उघड्या माळावर.

ऊन ओसरीवरून उतरून पायरीवर गेलं. कुणाचंच लक्ष नव्हतं.

"पुढं वाच ना," पारबताबाई म्हणाली. "थांबली कायले?"

आजवर आईनं तिला पुढं वाच असं कधी म्हटलं नव्हतं. उत्पलानं पुस्तक पुन्हा धरलं. आता आवाज निघाला. बारीक होता, पण निघाला.

"बाईने शेणाचा हात शेवटच्या कोपऱ्यापर्यंत फिरवला. मग ती उठली. ओल्या अंगणात मुलीचे पाऊल उमटू नये म्हणून तिने मुलीला उचलून घेतले, आणि भिंतीलगत पाय टाकीत ती बाहेर आली. मागे वळून तिने एकदा पाहिले. अंगण चांगले निघाले होते."

उत्पला थबकली. तिला आठवत होतं ते फक्त पदर ओढणं, आणि आई ऐकत नाही म्हणून आलेला राग. त्या दिवशी आपण तिच्या कडेवर होतो, हे तिला आठवतच नव्हतं.

तिनं आईकडे पाहिलं. पारबताबाईनं मान हलवली, बरोबर आहे अशी.

वाचन संपलं तेव्हा कसं वाटलं हे उत्पलानं विचारलं नाही, आणि चांगलं हाय असं कुणी म्हणालं नाही.  बायांनी एकेक करून सुपं उचलली आणि आपापसांत हळू आवाजात बोलत घराकडे निघाल्या. पारबताबाई पायरीवर लेकीची वाट बघत थांबली.

उत्पला पुस्तक घेऊन कपाटापाशी आली. तिचे डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं. ती भरभरून बोलायला लागली. आपल्याला हवा होता तो नियम आता सापडला, ती म्हणाली. हे पुस्तक पुन्हा छापून घ्यायचं. गावोगावच्या वाचनगटांत न्यायचं, कॉलेजात न्यायचं. धरणाखाली गेलेल्या प्रत्येक गावात ती स्वतः जाऊन ते वाचून दाखवेल. लोकांनी काय वाचावं, हे तिला इतकं स्पष्ट कधीच दिसलं नव्हतं.

भंतेजी ऐकत होते. मधे एकदा त्यांनी पायरीवर बसलेल्या पारबताबाईकडे पाहिलं. पुन्हा उत्पलाकडे पाहिलं.

उत्पलाचं बोलणं हळूहळू ओसरलं...

तिनं कपाटाचं दार उघडलं. वरचा कप्पा पाहिला, मधला पाहिला. पुस्तक दोन्ही हातांत धरून ती वळली.

"सगळ्यांना सापडेल असं हे कुठं ठेवू, भंतेजी?"

"तुम्हाला सापडणार नाही, तिथं ठेवा."